बीपीच्या कार्डावर दुखण्याच्या गोळीचीही नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी म्हणून काम करताना एक गोष्ट सतत पाहण्यात आली. साठी ओलांडलेल्या रुग्णाला ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ असे विचारले की तो बीपीची आणि शुगरची गोळी सांगतो. गुडघ्यासाठी रोज घेतली जाणारी गोळी मात्र त्याच्या लेखी औषधात जमाच नसते. नेमकी तीच गोळी बाकीच्यांचे काम बिघडवत असते.

डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये कमी करून वेदना व सूज उतरवतात; परंतु जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणारी द्रव्येही तीच असल्याने, या गोळ्या उतारवयात महिनोन्महिने घेतल्यास पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, बीपी आटोक्यात राहत नाही आणि मूत्रपिंडे दुबळी होतात. त्यातच टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ही बीपीची गोळी आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर मूत्रपिंडांचा धोका आणखी वाढतो. ऐन उन्हाळ्यात रानात पाणी कमी पिऊन काम करणाऱ्यांच्या बाबतीत तर विचारायलाच नको.

खेड्यात सुगीच्या दिवसांत या गोळ्या किराणा दुकानातही मिळतात. काही ठिकाणी ‘संधिवाताची पुडी’ म्हणून स्टेरॉइड दिले जाते. दोन दिवसांत आराम पडतो, पुढे चेहरा सुजतो आणि शुगर चढते. शहरात परिस्थिती निराळी, पण बरी नव्हे. अस्थिरोगतज्ज्ञ एका नावाने गोळी लिहून देतात, दंतवैद्य दुसऱ्या नावाने, आणि आतले औषध एकच असल्याचे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या कागदी पाकिटात देतो. नाव आणि मुदत छापलेला तुकडा बहुधा दुकानातच राहतो. डायक्लोफेनॅक ‘शेड्यूल एच’मधील, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकू नये असे औषध आहे. हे औषध दिलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन मरणारी गिधाडे वाचावीत म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांसाठीचा साधा चिठ्ठीचा नियम मात्र अजून पाळला जात नाही.

वृद्धांनी दुखणे सोसावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. गुडघेदुखीला वरून लावायचे जेल, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि गरजेपुरते, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल यांचा आधी विचार व्हायला हवा. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना नी-ब्रेस (गुडघ्याचा आधारपट्टा), वॉकर अशा साधनांसाठी 3000 रुपये मिळतात, हे चांगलेच आहे. पण व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या ठिकाणीही सहज भेटत नाही, त्याचे काय?

आरोग्य खात्याला माझी विनंती एवढीच, की बीपी-शुगरच्या तपासणी कार्डावर ‘दुखण्याची गोळी : कोणती, किती दिवसांपासून’ असा एक रकाना घालावा आणि ज्यांच्या कार्डावर तो भरलेला असेल, त्यांची क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ताची) तपासणी वर्षातून किमान एकदा केंद्रावरच करावी. अन्न व औषध प्रशासनाने कापलेल्या पट्टीसोबत औषधाचे नाव व मुदत लिहून देण्याची सक्ती केली, तर निदान घरच्यांना डॉक्टरांपुढे काय ठेवायचे ते कळेल.

— एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी, जि. सातारा