‘ब्रश’ या शब्दामागचे झुडूप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ब्रश’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना त्याचा अर्थ सांगावाच लागत नाही. अडचण पुढे येते. बातमीत ‘ब्रश फायर’ आली किंवा गोष्टीत कोणाचा ‘ब्रश विथ डेथ’ (मृत्यूशी ओझरती गाठ) आला, की ती गोंधळतात. कारण शालेय शब्दकोशांत हे अर्थ एकाखाली एक दिलेले असतात, पण त्यांना जोडणारा धागा क्वचितच दाखवलेला असतो.

हा धागा झुडपांतून जातो. इंग्रजीत ‘ब्रश’ म्हणजे खुरटी झाडी, तोडलेल्या काटक्यांचा ढीग, असाही अर्थ आहे आणि तो जुन्या फ्रेंचमधून मध्ययुगात आला. काटक्यांची जुडी बांधून तिने झाडायचे, यावरूनच साधनाला हे नाव पडले असावे, असे व्युत्पत्तिकार मानतात. झाडीतून जाताना फांद्या अंगाला घासतात, म्हणून ओझरता स्पर्श आणि चकमक हे अर्थही याच वाटेने आले असावेत. आपणही गोळी ‘चाटून गेली’ म्हणतो. ‘ब्रश असाइड’साठी तर ‘झटकून टाकणे’ हा आपला वाक्प्रचार तयारच आहे आणि ‘ब्रश अप’साठी ‘उजळणी’ हा सुंदर शब्द असताना दुसरा शोधण्याचे कारण नाही.

कोल्ह्याच्या झुपकेदार शेपटीलाही इंग्रजीत ‘ब्रश’ म्हणतात. शेपटी आणि कुंचला यांचे हे नाते लॅटिनमध्ये अधिक स्पष्ट दिसते. तेथे चित्रकाराच्या कुंचल्याला ‘पेनिसिलस’, म्हणजे ‘लहानशी शेपटी’, असे नाव होते. ‘पेन्सिल’ हा शब्द त्यातूनच निघाला आणि इंग्रजीतही आधी त्याचा अर्थ कुंचला असाच होता. (‘पेन’ मात्र पिसाच्या लॅटिन नावावरून आले; दोन्ही शब्द एकाच कुळातले वाटतात, पण ते तसे नाहीत.) एका बुरशीचे बीजाणूधारी तंतू सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखे दिसतात म्हणून तिला ‘पेनिसिलियम’ हे नाव मिळाले आणि तिच्यापासून अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1928 मध्ये सापडलेल्या द्रव्याचे ‘पेनिसिलिन’ झाले.

विजेवर चालणाऱ्या मोटरमध्ये फिरत्या भागाला वीज पोहोचवणारा ‘कार्बन ब्रश’ हा तर केसांचा लवलेशही नसलेला घट्ट ठोकळा असतो. आरंभीच्या यंत्रांत तेथे तांब्याच्या तारांची जुडी फिरत्या भागाला टेकवलेली असे. पुढे तारा गेल्या, नाव राहिले. हे कारण कळले की तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलांना ती संज्ञा नुसती पाठ करावी लागत नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की आपल्या भाषाविषयक सदरात इंग्रजी शब्दांचे अर्थ देताना त्यांच्या मुळाविषयीही दोन ओळी द्याव्यात, आणि परदेशातील ‘ब्रश फायर’च्या बातम्यांत तो शब्द तसाच न ठेवता ‘झुडपांचा वणवा’ असे लिहावे.

आपला,
एक निवृत्त भाषाशिक्षक