शेतकऱ्याने कापूस रेल्वेत भरलाच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत आमच्या वऱ्हाडातल्या मुर्तिजापूर-यवतमाळ आणि मुर्तिजापूर-अचलपूर या छोट्या लाइनीवरच्या गाडीवर, म्हणजे शकुंतला रेल्वेवर, पानभर लेख वाचला. लेखकाची भाषा छान आहे, त्यांचा गाडीवरचा जीवही खरा असेल. पण इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा शेतकरी आपला कापूस या गाडीत भरून थेट मुंबईला पाठवी आणि त्याच्या हाती रोख पैसा खेळे, अशा अर्थाचे जे लिहिले आहे ते वाचून मला रात्री झोप लागली नाही. हे साफ चूक आहे. मी आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. दारव्हा तालुक्यात जन्मलो, बापजाद्यांपासून आमची पऱ्हाटीची शेती. आमच्या घरातल्या कोणी कापसाचे एक बोंडही त्या गाडीत भरले नाही, आणि शेजारपाजारच्या गावांतही तसे केलेला माणूस मला माहीत नाही.

कापूस जसा वेचला तसा गाडीत जात नाही, एवढे तरी लेखकाने कुणाला विचारायचे होते. शेतातून बैलांची बंडी, बंडीतून जीन, म्हणजे रुई-सरकी वेगळी करायचा कारखाना. तिथे सरकी काढायची, तीन मण कापसातून जेमतेम मणभर रुई निघायची. मग प्रेसमध्ये दाबून तिची ३९२ पौंडांची गाठ बांधायची, वरून लोखंडी पट्ट्या ठोकायच्या, आणि ती गाठ मालडब्यात चढायची. तोवर ती शेतकऱ्याची राहिलेलीच नसे. शेत आणि रेल्वे यांच्या मधे जीनचे आवार होते, आणि आमचे जे काही व्हायचे ते त्या आवारात व्हायचे. तुमच्या पानभर लेखात जीन हा शब्द एकदाही नाही. बंडी नाही, अडत्या नाही. सरकीसुद्धा नाही.

१९४५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट सांगतो. मी नऊ वर्षांचा होतो. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन पहिला वेचा घरात आला होता, दुसराही आटोपत आला होता. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, दोन बंड्या भरल्या. तट्टे लावून, पायाने तुडवून तुडवून भरल्या. वर बसायला मिळावे म्हणून मी रडलो, तेव्हा कुठे आईने शिदोरीत माझी भाकर बांधली. रात्री निघालो ते लाइनीवरच्या एका गावी पहाटे पोहोचलो. गावाचे आणि जीनवाल्याचे नाव इथे लिहीत नाही, त्यांची लेकरेबाळे आज भली माणसे आहेत.

आवारात आमच्या आधी पन्नास-साठ बंड्या उभ्या होत्या. तो दिवस तसाच गेला. रात्री थंडी अशी की बैलांच्या पाठीवरही पोती टाकली होती, पण कापसाचे आवार म्हणून शेकोटी पेटवायची सोय नव्हती. आम्ही बंडीखाली कडब्यात शिरून पडलो. मी विचारले, "काहून थांबलो आपण, आबा?"

"मुंबईची तार याची हाय. तवा भाव खुलते."

सकाळी तार आली. दलाल ओरडत आला, मुंबई तुटली, मुंबई तुटली. मला वाटले कुठे पूल तुटला असेल, पण तुटला होता तो मुंबईचा भाव. आमच्या बंडीपाशी दलाल आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहिले, दोघांनी हातावर उपरणे टाकले आणि त्याखाली बोटे धरून काहीतरी बोलणे केले. आबा हातभर अंतरावर उभे होते. वर्षभर वखरणी, डवरणी, निंदण त्यांनी केले, बैल त्यांचे, कापूस त्यांचा, आणि भाव काय ठरला ते उपरण्याखाली. ती बोटे मला अजून दिसतात, संपादकसाहेब. म्हणून मला तुमच्या लेखातला तो रोख पैसा सहन होत नाही.

मग माप झाले. मणामागे कडता, म्हणजे वजनातली सूट, कापला, कापूस ओला आहे म्हणून वर थोडा, मग तोलाई, हमाली, धर्मादाय. कापूस ओला नव्हता. मी रात्रभर त्याच्या खाली झोपलो होतो, मला माहीत आहे. उरलेल्यातून सावकाराचे व्याज वळते झाले. आबांनी माझ्यासाठी शेव आणि आईसाठी खणाचे कापड घेतले आणि बैल जुंपले. निघताना फाटकापलीकडे छोटी गाडी उभी होती आणि हमाल गाठी चढवत होते. मी आबांना विचारले, यातली आपली कोणती? ते म्हणाले, "आता आपली कोठची, बाप्पा." परतीच्या वाटेवर ते फारसे बोलले नाहीत.

लेखात आणखी एक मोघम विधान आहे, की सारा कापूस मँचेस्टरला जाई. इंजिन मँचेस्टरचे होते हे खरे. १९२१ साली तिथे बांधलेले झेडडी इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत या लाइनीवर धावले, नंतर डिझेल आले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५ च्या दरम्यान, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना म्हणून वऱ्हाडावर त्यांची नजर वळली, हेही खरे. निजामाकडून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाताशी आलेलेच होते. १८६७ मध्ये जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, मोठी लाइन नागपूरपर्यंत पोहोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा आणि कापसाचा बाजार झाला, तो उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. पण वऱ्हाडच्या कापसाचा धागा आखूड. मुंबईच्या बाजारात उमरावतीवरून, म्हणजे आजच्या अमरावतीवरून, त्याला उमरा म्हणत. तो पुढे मोठ्या प्रमाणात मुंबईच्या गिरण्यांत आणि जपानला गेला. टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल नागपूरला काढली ती कापूस जवळ आहे म्हणूनच. तेव्हा आबांचा कापूस नाडणारा प्रत्येक जण गोरा नव्हता. ते लिहायला जड जाते, पण लिहायचे तर सगळे लिहावे.

आणि कारंजा? गाडी कारंज्यावरून जात होती एवढेच लेखक सांगतात. याच कारंज्यात १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. मापात आणि भावात लबाडी होते हे सरकारलाही तेव्हाच कळले होते, म्हणून ना कायदा करावा लागला? कायद्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी मी ते उपरणे पाहिले.

मुर्तिजापूर जंक्शनचे वर्णन करताना लेखक गाडगेबाबांचे नाव घेतात, तेही धर्मशाळेपुरतेच. त्याच तालुक्यात दापुऱ्याला डेबूजी, म्हणजे लहानपणचे गाडगेबाबा, मामाच्या घरी वाढला, मामाची जमीन राबून कसली, आणि ती जमीन सावकाराने कर्जापायी गिळली. महाराष्ट्रात हे कोणाला माहीत नाही? ज्या मातीतून कापूस गाडीपर्यंत जात होता तिची गोष्ट ही आहे, आणि लेखात तिला जागा नाही.

गाडीशी माझे वैर नाही. पुढे यवतमाळला शिकायला मी याच गाडीने जात असे. अडीच फुटी रूळ, इवलेसे डबे, चढावर ती इतकी हळू होई की आम्ही पोरे उतरून बोरे वेचून पुन्हा चढत असू. गार्डच तिकीट फाडी. माळव्याच्या टोपल्या घेऊन बाया दारात बसत, कारंज्याच्या गुरुमंदिराला जाणारी म्हातारी माणसे असत. तिकडच्या फाट्यावर लाखपुरी, बनोसा, कापूसतळणी, अंजनगाव करत अचलपूर. मुर्तिजापूरपासून यवतमाळ सुमारे ११३ किलोमीटर आणि अचलपूर ७६. एवढ्या मुलखातल्या गरिबाला ती एकच स्वस्त सवारी होती. म्हणून तिचे डबे बंद झाले तेव्हा मलाही वाईट वाटले, आणि ब्रॉडगेजची घोषणा झाली तेव्हा मी पेढे वाटले होते. पण गाडी आमच्यासाठी टाकली होती असे कोणी सांगू नये. १९१० ची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी, तिच्यामागे मुंबईची किलिक निक्सन ही व्यापारी पेढी, चालवायला जीआयपी. रूळ गाठींसाठी टाकले, आम्हाला उरलेल्या जागेत बसू दिले. स्वातंत्र्यानंतरही या लाइनीची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली, याबद्दल लेखकाने कौतुकाने लिहिले आहे. त्यात कौतुक करण्यासारखे काय आहे ते मला कळले नाही.

लेखासोबतचे छायाचित्रही शकुंतलेचे नाही. डोंगरउतारावरची ती गाडी माथेरानची आहे, तिचे रूळ दोन फुटी. आमच्या लाइनीवर असा डोंगर शोधून सापडणार नाही. फोटो लावण्याआधी मुर्तिजापूरच्या कुणालाही दाखवला असता तर त्याने सांगितले असते.

आता पत्र लिहायला घेतलेच आहे तर आणखी एक. आपल्या दैनिकात पूर्वी आतल्या पानावर कापूस, तूर, सोयाबीनचे रोजचे बाजारभाव गाववार येत. दोन वर्षांपासून ते बंद आहेत. चौकशी केली तर मोबाईलवर बघा असे उत्तर मिळाले. माझ्या मुलाला मोबाईलवर दिसतात, मला दिसत नाहीत, आणि आमच्या गावात असे पुष्कळ आहेत. बाजारात बंडी, आता ट्रॅक्टर, नेण्याआधी सकाळी चार बाजारांचा भाव छापील कागदावर समोर असला की अडत्याशी बोलताना माणसाला बळ येते. आबांकडे तो कागद नव्हता. रविवारी शकुंतलेला एक अख्खे पान देता येते, तर रोज चार बोटांची जागा भावांना द्या.

लेखातली कापसाबद्दलची चूक आणि छायाचित्राची चूक, दोन्हींची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी ही विनंती. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. कापायचे झाल्यास माझ्या शाळेच्या दिवसांचा भाग कापा, जीनचा कापू नका.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ