आई-अण्णा, पिकअपचे टायर सांगून टाकलेत

ती. आई आणि अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

पिकअपच्या टायरांना रबर चढवायचं नाही. नांदेडच्या दुकानात चार नवे टायर सांगून ठेवलेत आणि इसारही दिलाय. अण्णा, तुम्हाला आधी विचारलं असतं तर "एवढा हंगाम निघतो की" म्हणाला असता, आणि तुमच्या शब्दापुढे आई किंवा मी काही बोललो नसतो. म्हणून आधी केलं, आता सांगते. रागवा, पण पत्र पूर्ण वाचून मग रागवा.

नक्षी अजून शिल्लक आहे, हे तुमचं म्हणणं खरं आहे. कायद्याने 1.6 मिलिमीटरपर्यंत चालतं. खोबणीच्या तळाशी रबराच्या आडव्या गाठी असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आपला अजून तिथवर आलेला नाही. पण धाकट्याने फोटो पाठवले तेव्हा मी नक्षी बघितलीच नाही, कड म्हणजे टायरची बाजूची भिंत बघितली. मागच्या उजव्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगवटा आहे. तिथे आतले धागे तुटलेत, हवा नुसत्या रबराने धरून ठेवलीय. पुढच्या दोन्हींच्या कडेला बारीक चिरा आहेत. रबर चढवणारा वरचा पट्टा नवा करून देतो, कड जुनीच राहते. ज्यांनी हवा नीट राखली त्या ट्रकवाल्यांना रबर चढवणं परवडतं, त्यात वाईट काही नाही. आपल्या टायरांनी मात्र कमी हवेवर हळदीचे कट्टे वाहिलेत आणि त्यांचा जीव कडेतच गेलाय. औंढ्याच्या वळणावरचं मी पुन्हा काढत नाही. तुम्हालाही आठवत असेल.

पैशाची काळजी करू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झालाय, त्यामुळे मागच्या वेळचा भाव डोक्यात ठेवू नका. उरलेली रक्कम मी भरते. हळदीच्या पट्टीतून यासाठी एक रुपया काढायचा नाही, ती आईच्या गुडघ्यासाठी ठेवलीय.

आता नीट ऐका, कारण दुकानात मी नसणार. आपलं माप 215/75 R15. हेच माप बोलेरो जीपलाही येतं आणि घोटाळा तिथेच होतो. जीपचा टायर स्वस्त पडतो, रिमवर बसतोही बरोबर, पण त्याच्या कडेवर मापानंतर 100 आकडा असतो, म्हणजे एका टायरला 800 किलो. आपल्याला मापाला एलटी (म्हणजे हलक्या मालगाडीचा) जोडलेला, 8 पीआरचा (पीआर म्हणजे थरांच्या ताकदीचा आकडा) आणि 106/103 लिहिलेला हवा. आपल्या मागच्या धुरेला एका बाजूला एकच चाक आहे, म्हणून पहिला आकडा धरायचा: 106 म्हणजे 950 किलो. मागच्या दोन टायरांत मिळून 300 किलोंचा फरक पडतो, आणि भरलेल्या गाडीचं जास्त वजन मागेच असतं. "दादा, साईज सेमच आहे" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबायचं आणि मला फोन लावायचा.

दुसरं, टायर कधी बनला ते बघा. कडेवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 0826 असेल तर 2026 सालचा आठवा आठवडा. हे आकडे एकाच बाजूला असतात, म्हणून रिमवर चढवायच्या आधीच टायर फिरवून बघा. सहा महिन्यांपेक्षा जुना घ्यायचा नाही. आपल्या स्टेपनीवर 4518 आहे. तिची नक्षी कोरी दिसते म्हणून तुम्ही तिला जपलंत, पण इतकी वर्षं हौद्याखाली चिखल आणि ऊन खाऊन तिचं रबर कडक झालंय. ती मोडीत द्या. मागचा डावा टायर त्यातल्या त्यात नवा आहे, कडही धड आहे, तोच स्टेपनीला ठेवा. आयएसआयचा शिक्का बघा, पक्कं बिल घ्या आणि चारही टायरांचे नंबर त्यावर लिहून घ्या. नाहीतर पुढे टायरमध्ये दोष निघाला तर कंपनी दाद देत नाही.

नक्षीचं मी असं ठरवलंय: पुढे सरळ पट्ट्यांचे, मागे अर्ध्या गोट्यांचे (गोट्या म्हणजे नक्षीतले रबराचे जाड ठोकळे). पूर्ण गोट्यांचा टायर पाणंदीत चांगला ओढतो हे मान्य, पण गाडी जास्त डांबरीवरच चालते. तिथे तो आवाज करतो, तापतो आणि लवकर झिजतो. शिवाय आपली काळी माती एकदा भिजली की कुठल्याही नक्षीत गच्च बसते. मिरग लागला की गाडी रानात न्यायचीच नाही, कट्टे ट्रॅक्टरने रस्त्यावर आणायचे. एका धुरेवरचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, दोन्ही रेडियल. यात तडजोड नको.

ट्यूब ठेवलीय. ट्यूबलेस पंक्चर झाला तर हवा हळूहळू जाते, तो चांगला, पण आपल्या दोन रिमांच्या ओठाला गंज आणि पोचे आहेत, तिथून हवा गळत राहील. पुढेमागे रिम बदलले की बघू. ट्यूबा मात्र चारही नव्या. वापरलेली ट्यूब ताणलेली असते, नव्या टायरात तिची घडी पडते आणि त्या घडीवर घासून फाटते. टायरच्या आतला कागदी स्टिकर काढायला लावा, आतून पावडर मारायला सांगा. जुन्या ट्यूबा टाकू नका. दिवाळीत पोरं येतील, त्यांना विहिरीत उतरवायला लागतील. अण्णा, मला पोहायला शिकवताना काठावरून तुम्ही जसा दोर धरला होता, तसाच त्यांचाही धरायचा. फक्त ट्यूबची पितळी नळी अंगाला लागते, तिच्यावर फडकं गुंडाळा.

आणि हवा. अण्णा, तुम्ही चारही चाकांत डोळे झाकून 40 भरता. 950 किलोचा आकडा पूर्ण हवेवरचा आहे, कडेवर लिहिलेल्या 65 पीएसआयचा. कमी हवेत कड दर फेऱ्याला वाकते, वाकली की तापते, आणि मे महिन्यात आपल्याकडचं डांबर आधीच तापलेलं असतं. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे आकडे गाडीच्या पुस्तकात वेगळे दिलेत. मी ते मोठ्या अक्षरात लिहून पाठवते, डॅशबोर्डवर चिकटवा. हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी बघायची. मोंढ्यातून परतल्यावर तापलेल्या टायरात आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा हवा सोडायची नाही. आईला दवाखान्यात नेताना मात्र मागची हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणा, नाहीतर प्रत्येक खड्डा तिच्या कमरेत जातो. आई, तू खिडकीकडेच बस, गिअरजवळ पाय आखडून बसू नकोस. पाठीशी ती जाड उशी घे, आणि अण्णांना वाटेत चहाला थांबव. ते स्वतःहून थांबत नाहीत.

हौद्यात 1300 किलोच. 50 किलोचे 26 कट्टे, सत्ताविसावा शेजाऱ्याचा असला तरी नाही. शेजारधर्म तुम्ही आयुष्यभर पाळलाय, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. दुसऱ्या खेपेत न्या.

टायर बसल्यावर त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या. पुढच्या डाव्याची नक्षी आतल्या बाजूलाच झिजलीय, म्हणजे चाकाची दिशा बिघडलीय. त्याआधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा) आणि व्हील बेअरिंगची ढिलाई तपासायला सांगा, कारण ते ढिले असतील तर अलाइनमेंट टिकत नाही. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, शेवटचा पीळ हाताच्या पान्ह्याने. मशीनने जास्त आवळले तर बोल्ट ताणला जातो, शिवाय वाटेत चाक खोलायची वेळ आली तर नट सुटत नाहीत. शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा आवळून घ्या.

हे आवळणं तुम्ही करायचं नाही, अण्णा. हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आईला पाठ आहे. स्टेपनीला हात लावायचा नाही, पान्ह्यावर उभं राहायचं नाही. वाटेत पंक्चर झालं तर गाडी कडेला घ्या, सावलीत बसा आणि धाकट्याला बोलवा. तुम्हाला जमत नाही असं मी म्हणत नाही. गाडीतलं सगळं मी तुमच्या मागे पान्हे धरूनच शिकले. पण आता एवढं ऐका.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत निघा, दुकानदाराने नऊची वेळ दिलीय. बीपीची गोळी घेऊन निघा. टायर रिमवर चढवायच्या आधी चारही टायरांच्या त्या चार आकड्यांचे फोटो धाकट्याकडून मला पाठवा. मी बघून हो म्हटल्याशिवाय बसवू देऊ नका.

तुमची,
अक्का