बोअर बदलणे ही साधी दुरुस्ती नव्हे

महोदय,

वारसाहक्काने आलेल्या रायफलीची नळी झिजली किंवा तिची काडतुसे मिळेनाशी झाली, की ‘ओळखीच्या मिस्त्रीकडून दुसरी नळी बसवून घ्या’ असा सल्ला परवानाधारकांना सर्रास मिळतो. तो थेट तुरुंगात नेऊ शकतो. परवान्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर (नळीचा आतील व्यास) आणि क्रमांक नोंदलेला असतो आणि दुकानदार काडतुसे देतो तीही ही नोंद पाहूनच. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राचे रूपांतरच काय, दुरुस्तीसुद्धा त्या कामाचा परवाना असल्याखेरीज कुणाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तर शस्त्र नियम, २०१६ मधील एका वर्गातील शस्त्र दुसऱ्या वर्गात नेणेही कलम ६ खाली आणले असून, त्याचा भंग केल्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे.

.३१५ आणि .३०३ हे बोअरचे इंचांतील आकडे नवख्याला शेजारशेजारचे वाटतात. मात्र पहिल्या बोअरचा परवाना जिल्हादंडाधिकारी देऊ शकतात, तर दुसरा प्रतिबंधित बोअर असल्याने त्याचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. तेव्हा आधी परवाना प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी, मग परवानाधारक कारागिराकडून काम आणि त्यानंतर नव्या बोअरची नोंद, हा क्रम उलटवू नये. दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी येणाऱ्यांच्या हाती प्रशासनाने ही माहिती सोप्या मराठीत छापून द्यावी, ही विनंती.

– एक परवानाधारक वाचक, सातारा