पुठ्ठा, खळ आणि चिंचोके

संपादक महाशय,

कोल्हापुरात कुणी नवी बालवाडी काढायची म्हटली की पहिली अडचण सांगतात ती महागड्या साधनांची. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी ही अडचण केव्हाच सोडवली. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत काम केल्यावर १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, पुढे १९५७ मध्ये कोसबाडला. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. इटालियन बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींच्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे आले.

माँटेसरी पद्धतीतल्या, बोट फिरवून शिकायच्या खरखरीत अक्षरांना पुठ्ठा, पॉलिश पेपर (सँडपेपर) आणि खळ पुरते. पेपर बारीक दाण्याचाच हवा. जाड दाणा बोट सोलतो आणि मूल पुन्हा हात लावत नाही. तर्जनी व मधले बोट जोडून, लिहितो त्याच दिशेने फिरवायचे, सोबत तोंडाने उच्चार. एका वेळी दोन-तीनच अक्षरे. आधी 'हा ग', मग 'ग दाखव बघू', शेवटी 'हे कोणतं?' घाईत मधली पायरी गाळली जाते, मूल गप्प बसते आणि त्याला 'काही येत नाही' असा शिक्का बसतो. हे फार वाईट वाटते. घ-ध, भ-म एकत्र देऊ नयेत.

मोजायला चिंचोके उत्तम, मात्र तोंडात घालणाऱ्या लहानग्यांना नकोत. गुंजा तर मुळीच नकोत, त्या विषारी असतात.

अक्षर आधी बोटाने ओळखू द्यावे; म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलापुढची लिहिण्याची दुरेघी वही शाळांनी यंदाच बंद करावी, ही कळकळीची विनंती.

— काही बालवाडी शिक्षिका, कोल्हापूर