झाकणावर बसलेला माणूस

नॉर्विच, इंग्लंड, रविवार

प्रिय नंद्या,

तुझ्या पत्राला महिना झाला. शिव्या घाल, पण आधी ऐक.

शनिवारी इथल्या नॉर्थ एल्महम गावाला जाऊन आलो. तिथली स्पाँग हिल नावालाच टेकडी. आपल्या गावात तिला साधा उंचवटा म्हणतील. पण १९७२ ते १९८१ मध्ये तिथे खोदलं, तेव्हा अस्थी भरलेली दोन हजारांवर मडकी निघाली, बहुतेक पाचव्या शतकातली. सगळी हातानं घडवलेली, पुष्कळांवर शिंगाचे ठसे दाबून काढलेली नक्षी. एकच ठसा दोन मडक्यांवर दिसला की कुंभारही एकच असावा असं धरतात.

राखेत काय ठेवायचे सांगू? कंगवा, किंवा मुद्दाम मोडलेला त्याचा तुकडा. शिवाय चिमटा न् कात्री, खेळण्यातल्यासारखी इवलीशी. मेलेल्याचे केस विंचरायची एवढी काळजी!

गावोगावची अशी बरीचशी स्मशानं नांगरामुळेच कळतात. फाळाला खापर लागतं, नाहीतर धातुशोधक घेऊन फिरणाऱ्या एखाद्या हौशी माणसाला जुनी कपड्याची पिन सापडते. त्यातही पिन अर्धवट वितळलेली असेल तर ती चितेतून आलेली. अख्खी असेल तर बहुधा पुरलेल्या माणसाच्या अंगावरची. त्याची हाडं मात्र मिळतीलच असं नाही. इथल्या आंबट रेताड मातीत ती विरघळून नुसता डाग उरतो.

नॉर्विचचा डॉक्टर टॉमस ब्राउन तर यात चांगलाच फसला. जवळच्या वॉल्सिंगहॅमच्या शेतात चाळीस-पन्नास मडकी निघाली. ती रोमन समजून त्यानं १६५८ मध्ये मृत्यूवर अख्खं पुस्तक लिहिलं. मडकी निघाली अँग्लो-सॅक्सन, म्हणजे रोमनांनंतर इथे आलेल्या लोकांची! पण भाषा अशी की चूक माफ.

येताना इथल्या किल्ल्यातल्या संग्रहालयात गेलो. स्पाँग हिलच्या एका मडक्याचं झाकण म्हणजे खुर्चीत बसलेला मातीचा माणूस आहे. वीतभरही नाही. कोपरं गुडघ्यांवर, हात गालांना. बाई की बाप्या, तेही ठरत नाही. दादांच्या अस्थी नाशिकला नेल्या, तेव्हा मडक्याला फडकं बांधून तू मांडीवर घेऊन बसला होतास, गाडीत रात्रभर. अगदी तसाच बसलाय बघ.

फोटो नीट आला नाही, काचेत माझंच टक्कल दिसतंय. तरी पाठवतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या