जुळे सोलापुरात पाऊस मुरायला जागा ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गल्लीतला आणखी एक बंगला गेल्या आठवड्यात पाडला. तिथे आता पार्किंगवर चार मजले उठतील. बांधकामाला माझा विरोध नाही. मालकांची मुलं पुण्यात, दोघंच म्हातारे, एवढं मोठं घर झाडायचं कुणी? पण पहिल्याच सकाळी जेसीबीनं कुंपणालगतचा कडुनिंब उपटला, ते बघून मला जेवण गेलं नाही. परवापर्यंत त्याच्या सावलीत भाजीवाली मावशी टोपली टेकवायची. आता ती आमच्या गेटच्या पत्र्याखाली अंग चोरून बसते.

१९९२ साली सोलापूर शहराची हद्दवाढ झाली आणि त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही इथे प्लॉट घेतला. समोर ज्वारी उभी होती. ‘इतक्या लांब राहायला कोण जातंय?’ असं सासरची माणसं म्हणाली होती. पावसाळ्यात काळ्या मातीत चपला रुतायच्या. घराचा पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागला, कारण ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि भिंतीला तडे देते. त्याच मातीनं आम्हाला पेरू, सीताफळ, मोगरा सगळं दिलं. पेठेतल्या दोन खोल्यांतून आलेल्या माझ्यासारखीला अंगण म्हणजे श्रीमंतीच होती.

आता जुळे सोलापूरला लोक ‘पॉश एरिया’ म्हणतात. विजापूर रोडला, सैफुलला, आसरा चौकात दवाखाने, शोरूम, हॉटेलं झाली. सोयी आल्या, त्याचा आनंदच आहे. पण घरात पैसा आला तसं अंगण गेलं. दारात दोन गाड्या म्हणून पेव्हर ब्लॉक, पालापाचोळा नको म्हणून कोबा, गाडी चढायला रस्त्यावर उतार. कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंत मातीचा ठिपकासुद्धा दिसत नाही. ले-आउटमधल्या खुल्या जागेचंही तेच. चार हजार चौरस मीटरवरच्या ले-आउटला दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती मुलांना आणि झाडांना. आमच्याकडे त्या जागेवर सभामंडप आणि फरशी आहे.

आणि पाण्याची बोंब तर सगळ्यांचीच. उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून येतं, तेही रोज नाही. पाण्याच्या दिवशी पूर्वभागातल्या बायका पहाटेपासून घागरी, पिंपं मांडून बसतात. आमच्याकडे जमिनीखाली दहा हजार लिटरचे संप, म्हणजे पाण्याच्या टाक्या आहेत, म्हणून आम्हाला ते दिवस आठवतसुद्धा नाहीत. संप संपला की बोअर, बोअर आटला की टँकर. १९९४ मध्ये आमच्या बोअरला १८० फुटांवर पाणी लागलं होतं. शेजाऱ्यांनी मागच्या उन्हाळ्यात पाचशे फूट नेला, वर आली ती नुसती पांढरी भुकटी. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा. वरून मुरलंच नाही तर खाली कुठून लागणार?

सोलापूरचा पाऊस वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर. तेवढ्यातही हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पन्नास हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे पाच टँकर. ते आम्ही पाइपनं रस्त्यावर सोडतो आणि सप्टेंबरात गल्लीत गुडघाभर पाणी साचलं की महापालिकेला फोन लावतो. पुनर्भरणाची, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याची सक्ती आहे ती पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना. आमच्याकडचे बहुतेक प्लॉट दोन-तीन हजार चौरस फुटांचे, ते यातून सुटतात. ही मर्यादा खाली आणावी आणि बांधकाम परवानगी देताना कंपाउंडलगत निदान तीन फूट माती उघडी ठेवण्याची अट घालावी, एवढीच माझी मागणी आहे.

ज्या गावात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळं खोदलं, त्या गावची आपण माणसं. संक्रांतीला नंदीध्वज बघायला आमची सगळी कॉलनी नटूनथटून जाते. त्या तळ्याच्या काठावर उभं राहून घरच्या गच्चीवरचं पाणी आठवलं की मला लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी मी गेटजवळचे पेव्हर काढून तिथे शोषखड्डा घेतला. आठ फूट खोल, दगड, विटांचे तुकडे, वर वाळू. गवंडी म्हणाला, “काकू, चांगलं फरशीचं काम उखडायला लावताय की हो!” यंदा मे महिन्यात बोअर रोज पाऊण तास चालला. त्याआधी पंधरा मिनिटांत फुसफुसायचा.

पाडलेल्या बंगल्याच्या बिल्डरला मी परवा भेटले. कडुनिंबाच्या जागेवर कोबा करू नका, खड्डा घ्या, म्हटलं. ‘बघू’ म्हणाले. तिथे फरशी दिवाळीच्या आधी बसेल, म्हणून हे पत्र लवकर छापावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
जुळे सोलापूर